तीन आठवडे गोळी घेऊनही कोलेस्टेरॉल उतरेना, मग बंद करू का?

मिरजेजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथे देते.

"आमच्या मिस्टरांचं वय ५४. सहा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी पण चालू आहे. मागच्या महिन्यात लिपिड प्रोफाइल केलं तर टोटल २५४, एलडीएल १७२, ट्रायग्लिसराइड २०५ आलं. डॉक्टरांनी अटॉर्वास्टॅटिन १० रोज रात्री जेवणानंतर एक अशी लिहून दिली आणि दोन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. पण यांना कुठला धीर, एकविसाव्या दिवशी जाऊन स्वतःच रक्त देऊन आले. टोटल २३१ आणि एलडीएल १५०. आता म्हणतात गोळी लागूच पडत नाही, उगाच लिव्हर कशाला खराब करून घ्यायचं. पोटऱ्या दुखतात अशीपण तक्रार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा आलाय, तो चालू करायचं डोक्यात आहे. सोमवार-गुरुवार उपवास असतो, त्या रात्री नुसतं दूध-केळं, त्यामुळे जेवणानंतरची गोळी राहते. मी १५-१५ च्या दोन स्ट्रिपा आणलेल्या, त्यातल्या अजून १८ आहेत. तर मॅडम, किती दिवसांत उतरायला पाहिजे? आणि ही गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात ते खरं का?"

ताई, तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती म्हणजे १८ गोळ्या शिल्लक आहेत ही. आता जरा हिशोब करू. ३० आणल्या, १८ उरल्या, म्हणजे पोटात गेल्या १२. दिवस झाले २१. तीन सोमवार आणि तीन गुरुवार, सहा दिवस उपवासाचे गेले, तरी १५ संपायला हव्या होत्या, मग अजून तीन कुठे राहिल्या? बहुतेक पोटऱ्या दुखल्या त्या दिवशी यांनी गुपचूप सोडल्या असणार, तुम्ही प्रेमाने विचारा, सांगतील. म्हणजे तीन आठवडे गोळी घेतली असं आपण म्हणतोय पण खरं तर निम्म्याच्या जरा वर घेतली, तीही तुटक तुटक. एवढ्यावर एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, १७२ चं १५० झालं, त्यात गोळीचं किती आणि रक्ताचे आकडे तसेही थोडे वरखाली होतात त्याचं किती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण गोळी लागू पडत नाही असं म्हणायला हा रिपोर्ट अजिबात पुरेसा नाही. इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर मला एक सवय लागलीय, कुणी कोलेस्टेरॉल उतरत नाही म्हणून आलं की मी आधी स्ट्रिपा मागते, रिपोर्ट नंतर बघते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, किती दिवस. रोज न चुकता घेतली तर आठवडाभरात आकडा हलायला लागतो, दोन आठवड्यांत बरीचशी घट झालेली असते आणि चार आठवड्यांच्या आसपास त्या डोसमध्ये जेवढं उतरायचं तेवढं उतरून होतं. त्यानंतर तोच डोस सहा महिने घेतला म्हणून एलडीएल अजून खाली जात राहील असं होत नाही, ते त्या पातळीला स्थिर होतं. रोसुवास्टॅटिन असली तरी साधारण हेच गणित, आणि एझेटिमाइब नावाची जी जोडगोळी देतात तिचाही परिणाम दोन आठवड्यांत दिसतो.

दोन-चार आठवडे का लागतात हे समजलं तर धीर धरणं सोपं जातं म्हणून थोडं सांगते. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतं असं लोकांना वाटतं, पण त्यातलं बरंचसं आपलं शरीर स्वतःच बनवतं, त्यात लिव्हरचा वाटा मोठा. स्टॅटिन (अटॉर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही याच गटातली औषधं) ते बनवण्याचं काम मंद करतं. आता घरी विरजण लावायचं बंद केलं की दही डेअरीतून आणावं लागतं ना, तसंच लिव्हरचं होतं, घरचा माल कमी पडला की ते रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला लागतं, आणि त्यासाठी स्वतःच्या पेशींवर एलडीएल पकडणारे जे रिसेप्टर असतात त्यांची संख्या वाढवतं. (हे रिसेप्टर शोधून काढले ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी, १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. आणि पहिलं स्टॅटिन सापडलं ते जपानमध्ये, अकिरा एंडो यांना, १९७० च्या दशकात एका बुरशीत. हजारो बुरश्या तपासल्या त्यांनी त्यासाठी.) एलडीएलचा एक कण रक्तात दोनतीन दिवस फिरत असतो, त्यामुळे आज ओढणं वाढलं म्हणून उद्या रक्त साफ असं होत नाही, जुना माल उचलला जातो, नवा कमी येतो, आणि हा सगळा हिशोब नव्या जागी बसायला पंधरा दिवस ते महिना जातो. मधे मधे गोळी चुकली की लिव्हर परत आपलं आपलं बनवायला लागतं आणि गाडी मागे येते.

मग किती उतरायला पाहिजे? अटॉर्वा १० रोज घेतली तर एलडीएल सरासरी ३५ ते ४० टक्के खाली येतं. तुमच्या मिस्टरांचं १७२ होतं, म्हणजे १०५ ते ११० च्या जवळपास यायला हवं, माणसागणिक थोडा फरक धरा. पुढच्या रिपोर्टमध्ये तसं दिसलं तर गोळी लागू पडली, मग घरात कुणी काही म्हणो. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तेव्हा निराश होऊ नका. शुगर असलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली असावं असं आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये सांगितलंय, कारण शुगर आणि बीपी दोन्ही असलं की धोका वरच्या गटात जातो. मग ११० आलं तरी डॉक्टर म्हणतील अजून खाली आणू. तेव्हा ते डोस वाढवतील किंवा एझेटिमाइब जोडतील. लोकांना वाटतं १० ची २० केली की परिणाम दुप्पट, तसं नसतं, डोस दुप्पट केल्यावर साधारण सहा टक्क्यांचीच भर पडते, एझेटिमाइबने मात्र आहे त्यातून आणखी वीसेक टक्के कमी होतं. तेव्हा दोन गोळ्या दिल्या म्हणजे तब्येत बिघडली असं समजू नका.

तपासणी कधी करायची, तर डॉक्टरांनी सांगितलं तेच बरोबर आहे. जगभर साधारण ४ ते १२ आठवड्यांनी पहिली तपासणी करतात, दोन महिने हा त्यातला चांगला मध्य. फक्त हे दोन महिने आता नव्याने मोजायचे, ज्या दिवसापासून रोज सुरू होईल त्या दिवसापासून. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. ताप-इन्फेक्शन झालेलं असेल तर बरं झाल्यावर दोनतीन आठवडे जाऊ द्या, कारण आजारपणात एलडीएल खोटं कमी दिसतं आणि माणूस उगाच खुश होतो. यांचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे म्हणून उपाशीपोटी रक्त दिलेलं बरं, आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको. आणि मधे मधे स्वस्तातलं पॅकेज दिसलं म्हणून रक्त देत बसू नका. एलडीएलचा आकडा कुठलंही औषध न बदलता पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतो, दर पंधरा दिवसांनी बघत बसलात तर नुसता जीव वरखाली होईल.

इथपर्यंत आकड्याचं झालं. पण ताई, आपण गोळी आकड्यासाठी घेत नाही ना, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिस टाळायला घेतो, आणि त्याचं घड्याळ वेगळं चालतं. रक्तवाहिनीच्या आत जो थर बसलाय तो तीस-चाळीस वर्षांत बसलाय, तो महिन्यात कसा जाईल. गोळीने तो थर टणक आणि स्थिर होतो, फुटायची शक्यता कमी होते, जास्त डोसवर काही जणांत तो थोडा कमीही होतो, पण याला वर्षं लागतात. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या देशांमधला एक मोठा अभ्यास आला, आधीच हृदयविकार असलेल्या ४४४४ लोकांचा, निम्म्यांना सिमवास्टॅटिन आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ, म्हणजे औषधच नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत दिखाऊ गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली आणि औषधवाल्यांत १८२. त्याआधी स्टॅटिनने खरंच माणसं वाचतात का यावर डॉक्टरांमध्येच वाद होता, तो या अभ्यासाने मिटवला. आणि त्यात हेही दिसलं की पहिलं वर्ष-दीड वर्ष दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, पुढे मात्र अंतर वाढतच गेलं. पुढच्या अनेक अभ्यासांचं एकत्र गणित केलं तेव्हाही हेच निघालं, एलडीएल ३९ ने कमी करून तसंच ठेवलं तर अटॅक-स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, पहिल्या वर्षी फायदा थोडा आणि नंतरच्या वर्षांत जास्त. (ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याची गोष्ट वेगळी, त्याला हॉस्पिटलमध्येच मोठा डोस चालू करतात, तिथे थांबायला वेळ नसतो.)

हे मी इतकं लांबण लावून सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या मोठ्या भावाला ही गोळी चालू होती, रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्याने ती बंद केली. मला सांगितलंच नाही. मी घरातली डॉक्टर, दर रविवारी फोनवर बोलायचो, पण मी कधी विचारलं नाही आणि तो कधी बोलला नाही. दोन वर्षांनी त्याला अटॅक आला. वाचला, आज बरा आहे, रोज फिरायला जातो. गोळी चालू असती तर अटॅक आलाच नसता असं मी म्हणणार नाही, तसं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, पण नॉर्मल रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आहे एवढं जरी त्याला कुणी नीट समजावलं असतं तर त्याने बंद केली नसती हे मला माहीत आहे. म्हणून मी आता प्रत्येकाला समजावते, समोरचा कंटाळला तरी.

आणि त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, जन्मभर सुटत नाही का. सवय लागते, अंगाला लागते, तसलं काही नसतं, दारू-तंबाखूसारखी ओढ याला नाही. तुमच्याकडे विहिरी आहेत म्हणून विहिरीचंच उदाहरण घ्या, गाळ काढायला मोटर लावली की पाणी खाली जातं, मोटर बंद केली की झऱ्यांनी ते परत होतं तिथे चढतं. यात मोटरची सवय विहिरीला लागली असं आपण म्हणत नाही, झरे जिवंत आहेत एवढंच. इथे झरा म्हणजे लिव्हर आणि आईवडिलांकडून आलेली शरीराची ठेवण. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल परत १७० ला जाऊन बसेल. म्हणून हो, बहुतेक लोकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते, शुगर असलेल्याला तर नक्कीच. वजन उतरलं, खाणं सुधारलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, पण तो निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्यायचा.

आता पोटऱ्या. हे मी उडवून लावणार नाही, स्टॅटिनने काही लोकांचे स्नायू खरोखर दुखतात. पण जितक्यांना तसं वाटतं त्यातल्या फार थोड्यांचं दुखणं त्या औषधाचं असतं. लंडनमध्ये एक फार चांगला प्रयोग झाला, २०२० मध्ये छापून आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली आणि वर्षभर त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी दिखाऊ गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटूनपालटून दिलं, रोजचा त्रास मोबाइलवर नोंदवायला सांगितला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के दिखाऊ गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता हं, लोकांना खरंच दुखत होतं, पण गोळी घेतोय या धास्तीने दुखत होतं. त्यांना त्यांचेच आलेख दाखवल्यावर निम्म्या लोकांनी परत गोळी सुरू केली. तुमच्या मिस्टरांना हे सांगून बघा, पण टोमणा मारल्यासारखं नको. पोटऱ्या आधीपासून दुखत होत्या का, नवीन काही काम किंवा चालणं वाढलंय का, हेही आठवा. आणि डॉक्टरांना एक नक्की विचारा, थायरॉइडची टीएसएच तपासणी झालीय का. थायरॉइड कमी असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यानेच अंग-पोटऱ्या दुखतात, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघू शकतं आणि मग औषधाची दिशाच बदलते. व्हिटॅमिन डी कमी असेल तरी दुखतं. मात्र दुखणं फार वाढलं, जिना चढता येईना, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही. हे क्वचित होतं, पण माहीत असावं. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी अँटिबायोटिक किंवा फंगसची गोळी कुणी लिहून दिली तर अटॉर्वा चालू आहे हे आधी सांगायचं, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं या गोळीबरोबर जमत नाहीत.

लिव्हरची भीती घरोघरी आहे. थोड्या लोकांत एन्झाइम जरा वाढतात, बहुतेकदा आपोआप खाली येतात, नॉर्मलच्या तिप्पट वर गेले तरच डॉक्टर डोस बदलायचा विचार करतात. सुरुवातीचा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, झाला नसेल तर पुढच्या रक्ताबरोबर करून घ्या, झालं.

काढ्याबद्दल सरळच बोलते. लसूण खा, आलं खा, भाजीत-आमटीत चांगलंच आहे, पण त्या काढ्याने ब्लॉकेज उघडत नाही आणि १७२ चं १०५ होत नाही. रोज व्हिनेगर पिऊन पित्त मात्र होईल. घरचंच काही करायचं असेल तर इसबगोल खरंच उपयोगाचा आहे, रोज नियमाने घेतला तर एलडीएल पाच-दहा टक्के कमी करतो, फक्त गोळ्यांच्या वेळेपासून दोनेक तास लांब घ्या. ओट्सचंही तसंच. चहाबरोबरची खारी-बटर-नानकटाई बंद करा, वनस्पती तुपाचं फरसाण बंद करा. तेलाच्या डब्यावर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलंय म्हणून जास्त घालू नका, शेंगदाण्याच्या काय किंवा करडईच्या काय, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, ते लिहिण्यात विशेष काही नाही. हे सगळं गोळीच्या जोडीला करायचं, गोळीच्या ऐवजी नाही.

उपवासाचं तर सोपं आहे. अटॉर्वा उपाशीपोटी पण चालते आणि भरल्या पोटी पण, रात्रीच घ्यायला पाहिजे असंही नाही. जुन्या सिमवास्टॅटिनचा असर लवकर उतरायचा म्हणून ती रात्री देत आणि तीच पद्धत पडली, अटॉर्वा-रोसुवाचा असर अंगात पुष्कळ वेळ टिकतो. तेव्हा डॉक्टरांना एक फोन करून सकाळी बीपीच्या गोळीबरोबर घेऊ का विचारा, हो म्हणतील. सकाळची गोळी उपवासाच्या दिवशी पण घेतात ना हे? मग दोन्ही एका डबीत ठेवा म्हणजे एक घेतली की दुसरी आठवणारच. गोळीने उपवास मोडत नाही, आमच्या आईचे सगळे चातुर्मास गोळ्या घेऊनच झाले. पण त्याच फोनवर शुगरच्या गोळीचंही विचारा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उपवासाच्या रात्री नुसतं दूध-केळं आणि शुगरची गोळी मात्र नेहमीची, असं असेल तर काही गोळ्यांनी रात्रीत शुगर फार खाली जाऊ शकते. पहाटे घाम, थरथर, घाबरल्यासारखं होतं का त्यांना? होत असेल तर ते आधी सांगा, कोलेस्टेरॉल नंतर.

उरलेल्या १८ गोळ्या उद्यापासून रोज एक सुरू करू द्या, संपायच्या आधी पुढच्या तीन स्ट्रिपा आणून ठेवा, आणि कॅलेंडरवर उद्यापासून आठ आठवड्यांनंतरच्या तारखेवर गोल करा, त्या सकाळी लॅबमध्ये जायचं. तुम्हीही बरोबर जा आणि स्वतःचं पण रक्त द्या. पाळी जायच्या सुमाराला बायकांचं एलडीएल वाढतं आणि कुणी बघत नाही, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. दोघांचे रिपोर्ट मला पाठवा, आणि त्या दिवशी डबीत किती गोळ्या उरल्यात तेही लिहा.